पातीच्या खेळाची मालकीण

जे सतरा वर्षं बायकोला सांगितलं नाही, आई होती तोवर आईलाही सांगितलं नाही, ते इथे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. लांबवलं तर पुन्हा धीर व्हायचा नाही. ‘वर्ड रेस’ हा खेळ माझा नाही.

प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या बऱ्याच जणांना हा खेळ ठाऊक असेल. वर्गाचे दोन गट करायचे. प्रत्येक मुलापुढे जमिनीवर वस्तूंची एक सरळ ओळ मांडायची: बी, पान, दगड, पीस, बांगडी, चमचा. मुलाने वस्तू उचलायची, तिचा इंग्रजी शब्द मोठ्याने म्हणायचा आणि पुढे सरकायचं. जो अडकला तो बाहेर. ज्या गटाच्या ओळी आधी साफ होतील तो गट जिंकला. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत या खेळाखाली माझं नाव छापलेलं आहे. त्याच्यावर मला पुरस्कार मिळाला, डोंगरातून पुण्याला येता आलं, आणि पुढची सतरा वर्षं ‘खेळातून इंग्रजी’ शिकवणारे जाधव सर म्हणून मी जिल्ह्याजिल्ह्यांतून हार घालून घेतले.

हा खेळ सुमित्रा वसावे यांचा. मी अक्कलकुवा तालुक्यात विषयतज्ज्ञ होतो तेव्हा त्या एका पाड्यावरच्या वस्तीशाळेत शिकवायच्या. पगार नावाला. त्यांनी हा खेळ दोनशे पानी वहीत चित्रं काढून लिहिला आणि नवोपक्रम स्पर्धेसाठी ती वही माझ्या हातात दिली. ‘सर, तुम्ही खाली जाताच आहात, तेवढी देऊन टाका.’ मी खाली गेलो. वही माझ्या अक्षरात उतरवून काढली, खाली माझी सही केली, आणि परत वर आल्यावर त्यांना म्हणालो, ‘मॅडम, तारीख निघून गेली हो.’ उतरवताना एक नियम मला वेडगळ वाटला, तो गाळला. तो कोणता, ते ओघात येईलच.

गेल्या सप्टेंबरात मी त्यांना भेटायला गेलो, त्या चार-पाच दिवसांचं हे वर्णन.

शहादा

खरं तर मी शहाद्याला प्रशिक्षणासाठी गेलो होतो. पोळा होऊन गेला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस आणि केळी, आणि मधूनमधून उसाची हिरवी भिंत. बसस्टँडवर उतरलो तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता. आमच्या साताऱ्याकडे सप्टेंबरात अंगावर स्वेटर चढवायची भाषा सुरू होते. इथे लोक उसाच्या रसाला रांग लावून उभे.

संध्याकाळी यजमान शिक्षकांनी शेवभाजी खायला नेलं. लाल तर्री बघूनच मी कचरलो. ‘सर, रंगच लाल आहे, तिखट नाही,’ असं तिघांनी शपथेवर सांगितलं. तिसऱ्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिघेही इतके खूश झाले की मला राग धरता येईना.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पन्नासेक शिक्षकांना मी वर्ड रेस खेळायला लावली. मोठी माणसं खेळात मुलांपेक्षा लबाड. एक जण चमच्यापाशी अडला तर मागून दुसरा खोकल्याच्या निमित्ताने ‘स्पून, स्पून’ करायला लागला. मी त्या दोघांनाही बाहेर बसवलं. हशा झाला. चहाच्या सुट्टीत निवृत्तीला आलेले एक गुरुजी कप घेऊन जवळ आले. खाली बघत म्हणाले, “सर, खेळ भारी शे. पोरं नाचतस. पण मन्हा वर्गमा त्याच चार पोरे रोज बाहेर बठतस. त्यासनं काय करू?”

उत्तर मला माहीत होतं. सतरा वर्षांपूर्वी एका दोनशे पानी वहीच्या शेवटच्या पानावर ते वाचलं होतं आणि गाळलं होतं.

“सराव वाढवा, गुरुजी,” मी म्हणालो.

“सराव,” ते म्हणाले. बशीत उरलेला चहा त्यांनी हळूच पिऊन टाकला. “बरं.”

त्या ‘बरं’नंतर मला जेवण गेलं नाही. समारोपात मी काय बोललो ते आठवत नाही. शाल घातली एवढं आठवतं. सकाळी पुण्याच्या गाडीचं आरक्षण होतं. स्टँडवर गेलो आणि अक्कलकुव्याच्या बसमध्ये चढलो.

अक्कलकुवा

बसमध्ये तापीकाठच्या एका गुजर घरच्या आजी शेजारी होत्या, मांडीवर केळीच्या फण्यांची टोपली. त्यांनी माझी पूर्ण चौकशी केली.

“कथा जाई ऱ्हायनात, भाऊ?”

“अक्कलकुव्याला. तिथून वर डोंगरात. जुन्या ओळखीच्या बाई आहेत, शिक्षिका.”

“कितला वरीस व्हयनात भेटीसन?”

“सतरा.”

आजींनी माझ्या हातांकडे पाहिलं. “आन मंग रिकामा हाते चालनात का?” असं म्हणून त्यांनी एक अख्खी फणी माझ्या मांडीवर आदळली. नको म्हणायला गेलो तर रागावल्या. सतरा वर्षांनी भेटायला जाणारा माणूस रिकाम्या हाताने जातो ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. जे घेऊन जायला हवं होतं, ती वही, माझ्याकडे नव्हतीच. पुण्यात घर बदललं तेव्हा ती मी रद्दीत घातली. चुकून नव्हे. गठ्ठ्यात ती दिसली होती.

अक्कलकुव्याला बाजाराचा दिवस होता. गुजरातच्या हद्दीकडे धावणारे ट्रक भोंगे वाजवत मधूनच जायचे, आणि त्या आवाजात डोंगरातून आलेल्या बाया शांतपणे उडीद मोजून देत उभ्या. मी एका टपरीवर भजी खाल्ली आणि मोलगीच्या रस्त्याला जाणाऱ्या जीपच्या मागच्या बाकड्यावर घुसलो. बाकड्यावर आम्ही सहा जण, पायाशी दोन कोंबड्या आणि खताचं पोतं. बॅग टपावर. घाट चढताना खालचं रान हिरवंगार दिसत होतं, आणि दर वळणाला एकेक घर, एकेका टेकडीवर, आपापल्या शेतात. आमच्याकडे गावठाणात भिंतीला भिंत लागून असते आणि शेजाऱ्याची फोडणी आपल्या नाकात. इथे शेजारी म्हणजे समोरच्या टेकडीवरचा धूर.

काठी गावाच्या अलीकडे फाट्यावर उतरलो. जीप निघून गेल्यावर लक्षात आलं, बॅग टपावरच राहिली. हातात फक्त केळी.

पाड्यावर

शाळा आता पक्की आहे, दोन खोल्या, पुढे पत्र्याचा मंडप. सुमित्राबाई कायम झाल्या आहेत, मुख्याध्यापिका आहेत. मी आवारात शिरलो तेव्हा त्या पायरीवर बसून एका मुलीची वेणी घालत होत्या. वर बघितलं, डोळे बारीक केले.

“अगोबाई, जाधव सर! केस कुठं ठेवून आलात?”

“बॅगेत होते. बॅग मोलगीला गेली.”

त्या इतक्या हसल्या की त्या मुलीची वेणी सुटली. मग खोलीत जाऊन त्यांनी नवऱ्याला फोन लावला, नवऱ्याने जीपवाल्याच्या भावाला. दहा मिनिटांत निरोप आला: बॅग मोलगीत एका दुकानात सुखरूप आहे, परवा येईल. आधी का नाही, तर त्याआधी जीप परत येत नाही. एवढं साधं. पुण्यात माझी छत्री रिक्षात राहिली तर मी तिचं सुतक पाळून मोकळा होतो.

त्यांचे यजमान रायसिंगभाऊ शेती करतात. त्यांनी स्वतःचा सदरा मला दिला. ते माझ्या दीडपट रुंद. तो घालून बाहेर आलो तर ते गंभीरपणे म्हणाले, “शोभतो. वाऱ्याला मात्र उभे राहू नका, सर.”

बांबूच्या कुडाचं घर, सारवलेली जमीन, अंगणात खाट टाकलेली. मक्याची भाकर आणि उडदाची दाळ वाढली, सोबत आमचूर घातलेली चटणी. पाहुण्याला वाढताना विचारायचं नाही, ताट रिकामं दिसलं की वाढायचं, अशी इथली रीत. आणि ताटात काही टाकायचं नाही ही माझ्या आईची शिकवण. दोघांच्या शिस्तीत मी सापडलो. चौथ्या भाकरीला रायसिंगभाऊंनीच माझी सुटका केली.

शहाद्याच्या हॉलमध्ये प्रशिक्षण देऊन आलो एवढंच बोललो; बाकीचं आज सांगू, आता सांगू, असं करत तो दिवस गेला. बाई जुन्या गोष्टी काढत होत्या. कोणता मुलगा पोलिसात लागला, कोणती मुलगी नंदुरबारला नर्स झाली. वहीचा विषय त्यांनी काढला नाही. मी तर कसा काढणार!

शनिवारची शाळा

शनिवारी सकाळची शाळा. बाई म्हणाल्या, “आलात तर आमचा खेळ बघून जा. तुम्हाला आवडायचा.”

मंडपात वीस मुलं. वस्तू मांडल्या गेल्या: बी, पान, दगड, पीस, तुटकी बांगडी, काडी. दोन गट झाले. बाईंनी हात वर केला आणि खाली आणला. ‘सीड! लीफ! स्टोन!’ असा गलका उठला की पत्र्यावरची कबुतरं उडाली.

एक उंच मुलगी सगळ्यांच्या आधी आपल्या ओळीच्या टोकाला पोचली. आता ती हात वर करून ओरडेल, असं मला वाटलं. ती ओरडली नाही. तिने मान वळवून पाहिलं कोण मागे आहे, आणि धावत जाऊन त्या मागे राहिलेल्या छोट्या मुलाच्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. तिथून ती उलटी, त्याच्याकडे येऊ लागली. वस्तू उचलायची आणि शब्द असा म्हणायची की तो त्याला ऐकू जावा. ‘स्टिक.’ ‘बँगल.’ तो तिकडून, ती इकडून. मधे पीस उरलं. दोघांनी एकदम त्याच्यावर हात ठेवला आणि दोघंही ओरडली, ‘फेदर!’

मग त्यांच्या गटाचं सगळं रान साफ झालं. ते जिंकले होते. तरी कोणी थांबलं नाही. अख्खा गट दुसऱ्या गटाच्या ओळींमध्ये घुसला, उलट्या टोकाने. शेवटचा दगड उचलला गेला तेव्हाच सगळ्यांनी मिळून आरोळी ठोकली.

मी गाळलेला नियम तो हाच. वहीत वस्तूंच्या ओळीला पात म्हटलं होतं आणि लिहिलं होतं: ‘ज्याची पात आधी संपेल त्याने सर्वांत मागच्याच्या पातीला समोरून लागावे. कोणी बांधावर उभे राहू नये.’ मला तेव्हा ती कॉपी वाटली होती. शब्द आयता सांगायचा? मग स्पर्धा कसली? म्हणून मी तिथे लिहिलं, ‘जो अडकेल तो बाहेर.’

एक मुलगी बाईंच्या कानाशी लागली. बाई हसल्या. “सर, मुलं म्हणतात, आता तुम्ही खेळा. पण तुम्हाला इंग्रजी येतं. तुम्ही आमच्या बोलीत म्हणायचं.”

तालुक्यात दोन वर्षं राहिलो होतो, पण भिलीतले चार शब्दसुद्धा मला धड येत नव्हते. रायसिंगभाऊंच्या सदऱ्याच्या बाह्या सावरत मी ओळीपुढे वाकलो. बियाला शब्द आठवला. पान उचललं आणि अडलो. आजूबाजूला सगळ्यांच्या ओळी भराभर संपत होत्या. माझ्या हातात पान तसंच. वीस मुलं बघत होती आणि मला घाम फुटला, खरा घाम. आता बाहेर बसवतील, असं पन्नास वर्षांच्या माणसाला वाटलं. शहाद्याच्या त्या चार मुलांना रोज वाटत असेल तसं.

कोणी बाहेर बसवलं नाही. कालची ती वेणीवाली मुलगी, मंगी तिचं नाव, माझ्या ओळीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली आणि एकेक वस्तू उचलत, एकेक शब्द मला ऐकवत, हळूहळू माझ्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कामाचा चेहरा होता.

रविवार, बाईंच्या शेतात

दुसऱ्या दिवशी बाईंच्या शेतात निंदणीचा शेवटचा हात होता. पाच-सहा बाया आल्या होत्या, सगळ्या आजूबाजूच्या टेकड्यांवरच्या. मीही विळा घेतला. दोनदा गवताऐवजी ज्वारीच कापल्यावर तो काढून घेण्यात आला आणि मला पाणी द्यायचं काम मिळालं.

बाया एका ओळीत बसून पुढे सरकत होत्या, प्रत्येकीची आपली पात. एका तरुण बाईची आधी संपली. ती उठली, वळसा घालून पलीकडे गेली आणि सगळ्यांत मागे राहिलेल्या म्हातारीच्या पातीला समोरून बसली. कोणी सांगितलं नाही. म्हातारीनेही वर पाहिलं नाही. दोघी मधे भेटल्या तेव्हा काहीतरी बोलून हसल्या, एवढंच.

मी तांब्या घेऊन बाईंजवळ गेलो. त्या पाणी प्यायल्या. मी म्हणालो, “मॅडम, तुमची वही. तारीख गेली नव्हती.”

त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“मी ती माझ्या नावाने दिली. पुरस्कार, बदली, सगळं त्याच्यावर. आणि वही आता नाही. मी रद्दीत घातली.”

त्यांनी पुन्हा विळा चालवायला घेतला.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “तुम्ही गेलात त्याच्या दोन वर्षांनी आम्हाला प्रशिक्षणाला बोलावलं. पुस्तक हातात दिलं. माझाच खेळ मला शिकवला. मी दगडापाशी मुद्दाम अडले. बघू म्हटलं, काय करतात. तर मला बाहेर बसवलं.”

“मॅडम...”

“त्या दिवशी मी जेवले नाही. घरी आले आणि यांच्यावर ओरडले. यांना काय माहीत? हे बिचारे बैल बांधत होते.” त्या किंचित हसल्या, मग हसू गेलं. “नावाचं वाईट वाटलंच सर. खोटं कशाला बोलू. तेव्हा मला कायम व्हायचं होतं, त्या कागदाने उपयोग झाला असता. सहा वर्षं जास्त थांबले मी. पण दुसऱ्याचं जास्त वाईट वाटलं. न्यायचा तर सगळा न्यायचा ना खेळ! अर्धा नेलात. आमच्यात बांधावर एकटं उभं राहिलेलं चांगलं दिसत नाही. तुम्ही तर मुलांना बांधावर बसवायलाच शिकवलंत.”

मी माफी मागितली. शब्द ठीक आले नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं, ‘असू द्या’ म्हणाल्या नाहीत. ते मला बरं वाटलं.

“शहाद्याला सांगितलं का हे?” त्यांनी विचारलं. “त्या हॉलमध्ये?”

“नाही.”

“मग मला सांगून काय फायदा? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.” आणि विळ्याने ढेकूळ बाजूला सारत पुढे म्हणाल्या, “नाव लिहिलंत तर पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट. सुमित्रा जेहऱ्या वसावे. इथं सुमित्रा वसावे तिघी आहेत, दुसरीच कोणी हार घालून यायची.”

शेजारच्या बायांना त्यांनी ते भिलीत सांगितलं असावं, कारण सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता. माझ्या सदऱ्याचाही त्यात वाटा असेल.

दुपारी जीप आली. बॅगेची चेनसुद्धा कोणी उघडली नव्हती. रायसिंगभाऊंनी सदरा परत घ्यायला नकार दिला. बाईंनी आमचूरची पुडी बांधून दिली आणि फाट्यापर्यंत पोचवायला आल्या. मी जीपमध्ये बसताना म्हणाल्या, “परत या, सर. बायकोला घेऊन या. त्यांना निंदणी तरी येते का?”

पुण्याला परतल्यावर

हस्तपुस्तिकेच्या नव्या आवृत्तीसाठी मी गाळलेला नियम लिहून पाठवला. तिकडून विचारणा आली, बदलाचं कारण काय? मी लिहिलं, ‘अनुभवांती सुधारणा.’ म्हणजे पुन्हा तेच केलं. ते पत्र टाकून घरी आलो आणि स्वतःची इतकी लाज वाटली की त्याच संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आता लिहा.” दुसरं पत्र मी सुमित्राबाईंच्या पूर्ण नावासकट पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही. आणि हे लिहिलं.

पण लिहिणं मला सोपं जातं, कारण लिहिताना समोर कोणी नसतं. शहाद्याच्या त्या हॉलमध्ये पुन्हा उभं राहून, त्या पन्नास शिक्षकांसमोर, हा खेळ सुमित्रा जेहऱ्या वसावे यांचा आहे आणि मी तो चोरून मोडला हे तोंडाने सांगणं बाकी आहे. त्या म्हाताऱ्या गुरुजींना त्यांच्या चार मुलांचं उत्तर देणं बाकी आहे. ते मी अजून केलेलं नाही.